शांततेचा फसलेला खेळ : ‘दिवास्वप्न’ पुन्हा वाचताना

शिक्षणाविषयीची बहुतेक पुस्तके यशाने सुरू होतात. लेखकाला वाट सापडलेली असते आणि तो ती आपल्याला दाखवत असतो. गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ मात्र फजितीने सुरू होते. लक्ष्मीराम नावाचा शिक्षक पहिल्या दिवशी चौथीच्या वर्गावर जातो. घरून नीट आखून आणलेला शांततेचा खेळ मांडतो आणि मुले त्या खेळाची यथेच्छ टर उडवतात. गप्प बसण्याची सूचना हीच दंगा करण्याची सोय होऊन बसते. शेवटी तो मुलांना घरी सोडून देतो. मुले ओरडत बाहेर पडतात, शेजारचे वर्ग विस्कटतात आणि मुख्याध्यापक जाब विचारतात.

डी.एड. किंवा बी.एड. करताना आपल्यापैकी अनेकांनी हे पुस्तक वाचलेले असते. त्यातून ‘मुलांना प्रेमाने शिकवावे’ एवढेच बहुधा लक्षात राहते, आणि जूनमध्ये पंचावन्न मुलांचा वर्ग समोर आला की तेही मागे पडते. या लेखात मी हे पुस्तक एकच प्रश्न मनात ठेवून वाचले आहे : आवाज न चढवता वर्ग कसा चालतो? माझ्या मते पुस्तक या प्रश्नाचे अर्धे उत्तर फार चांगले देते. उरलेले अर्धे त्यात नाही, आणि ते नसल्यामुळेच अनेक शिक्षक पुस्तक मिटून पुन्हा टेबलावर डस्टर आपटू लागतात.

पुस्तक आणि त्याचा कर्ता

गिजुभाई (१८८५–१९३९) मूळचे वकील. मुलाच्या शिक्षणाचा विचार करताना त्यांच्या हाती माँटेसरीचे लेखन आले. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये तिथे बालमंदिर सुरू झाले. आपल्याकडच्या ताराबाई मोडक याच बालमंदिरात गिजुभाईंबरोबर काम करत होत्या. पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे त्यांनी जे उभे केले, त्याची बीजे भावनगरात आहेत. म्हणून हे गुजराती पुस्तक मराठी शिक्षकाला परके नाही.

१९३२ च्या सुमाराचे हे पुस्तक चार भागांचे आहे. शिक्षणाधिकाऱ्याची परवानगी घेऊन लक्ष्मीराम एक वर्षासाठी चौथीचा वर्ग घेतो. गोष्टी, खेळ, वाचनालय, नाटक, खेळातून व्याकरण असे करत वर्ष सरते. ही एक कथा आहे हे लक्षात ठेवायला हवे. गिजुभाईंचा अनुभव तिच्यामागे आहे, पण लक्ष्मीराम कल्पनेतला आहे आणि पुस्तकाचे नावही तेच सांगते.

खेळ का फसला?

शांततेचा खेळ माँटेसरीबाईंचा. त्यांच्या रोममधल्या बालगृहात तो असा चाले : मुले हालचाल थांबवून बसत. खोलीत हळूहळू इतकी शांतता होई की एरवी कानावर न येणारे बारीक आवाज ऐकू येऊ लागत. मग बाई शेजारच्या खोलीत जाऊन एकेका मुलाचे नाव कुजबुजत्या आवाजात घेत. ज्याचे नाव येई ते मूल पाय न वाजवता उठून त्यांच्याकडे जाई. बाकीची मुले आपल्या नावाची वाट पाहत कान देऊन बसलेली असत.

दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, ही मुले तीन ते सहा वर्षांची होती आणि खुर्ची न वाजवता उचलणे, पाणी न सांडता ओतणे अशा कामांतून त्यांना शरीरावर ताबा मिळवण्याचा सराव झालेला होता. शांतता हे त्या सरावाचे फळ होते. दोन, त्या शांततेत ऐकण्याजोगे काहीतरी होते : स्वतःचे नाव.

लक्ष्मीराम फळ आधी तोडायला जातो. शाळेत तीन-चार वर्षे ‘गप्प बसा’ ऐकून तयार झालेल्या मुलांपुढे एक अनोळखी माणूस येतो आणि पहिल्याच तासाला शांतता मागतो. मुलांच्या दृष्टीने ही जुनीच मागणी नव्या वेषात आलेली आहे. फरक इतकाच, की या माणसाच्या हातात छडी नाही. मग ती टर उडवणार नाहीत तर काय करतील?

गिजुभाईंनी हा प्रसंग लपवला नाही, ही या पुस्तकाची सर्वांत मोलाची गोष्ट आहे. छडी सोडली की लगेच मुले गुणी होतात, असा भ्रम ते पहिल्या काही पानांतच दूर करतात. छडी जाते तेव्हा एक पोकळी तयार होते आणि पहिले काही दिवस त्या पोकळीत गोंगाटच शिरतो. जे शिक्षक ‘मी एकदा न ओरडता करून पाहिले, जमले नाही’ म्हणतात, ते याच पहिल्या दिवसाबद्दल बोलत असतात.

गोष्ट का चालली?

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीराम शांतता मागत नाही. तो राजाराणीची गोष्ट सुरू करतो. मुले गोळा होतात आणि गप्प होतात. ‘गप्प बसा’ हे शब्द न उच्चारता वर्ग गप्प झालेला आहे.

आता इथे थोडे भौतिकशास्त्र पाहू. १९११ मध्ये एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने एक साधी गोष्ट नोंदवली. भोवतालचा गोंगाट वाढला की माणूस नकळत आपला आवाज वाढवतो. लग्नाच्या पंगतीत आपण सारे हेच करतो. वर्गातही तेच होते. बाई मोठ्याने बोलतात म्हणून शेजाऱ्याशी कुजबुजणारे मूल थोडे मोठ्याने बोलते, ते ऐकून तिसरे त्याहून मोठ्याने. मग बाई आणखी आवाज चढवतात. गोंगाट ओरडून दाबण्याच्या प्रयत्नात आपण त्याला चुलीसारखे सारण घालत असतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ओरडताना आवाज मोठा होतो, पण सगळा सारखा मोठा होत नाही. स्वर फुगतात, व्यंजने मागे राहतात. ‘पाट’ आणि ‘ताट’ या दोन शब्दांत फरक आहे तो पहिल्या व्यंजनाचा. तो आवाज क्षणभराचा आणि क्षीण असतो. पुढचा ‘आ’ मात्र लांब आणि जोरकस. ओरडणाऱ्याचा ‘आ’ वर्गभर घुमतो आणि ‘प’ की ‘त’ हे कळत नाही. त्यातून आपल्या वर्गांच्या भिंती उघड्या, फरशी कडक, वर पत्रा किंवा स्लॅब. एका अक्षराचा प्रतिध्वनी विरण्याआधी पुढचे अक्षर येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शिकेत वर्गातला निनाद सुमारे ०.६ सेकंदात विरावा आणि वर्ग चालू असताना बाहेरून व इतरत्र येणारा आवाज ३५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा, असे म्हटले आहे. रस्त्याकडेच्या शाळेत हे आकडे स्वप्नवत वाटतील. पण त्यांचा अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे : लहान मुलांना गोंगाटातून बोलणे वेगळे काढायला मोठ्यांपेक्षा जास्त जड जाते.

हे मला पुस्तकातून कळण्याआधी एका मुलाने सांगितले होते. सातवीच्या वर्गात लोहचुंबक वाटून झाले होते आणि गलका माजला होता. मी पूर्ण ताकदीने ओरडून पुढची सूचना दिली. वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा तरीही हात न लावता बसून राहिला. ‘सांगितलं ना मी काय करायचं?’ असे विचारल्यावर तो खाली मान घालून म्हणाला, ‘बाई, तुम्ही ओरडलात एवढं कळलं. काय म्हणालात ते नाही कळलं.’ तो उद्धटपणे बोलत नव्हता. तो निरीक्षण सांगत होता, आणि ते अचूक होते.

गोष्ट सांगणारा माणूस याच्या नेमके उलट करतो. तो आवाज उतरवतो, शब्द सुटे करतो, थांबतो. ऐकणारा पुढे झुकतो, म्हणजे अंतर कमी होते. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने जास्त ऐकू येतो. बंद खोलीत हा फायदा थोडा कमी, पण होतोच. आणि शेजारचे मूल बडबडू लागले तर आता मुलेच त्याला कोपर मारतात, कारण राजाचे पुढे काय झाले हे त्यांना ऐकायचे असते. शांततेची गरज शिक्षकाकडून मुलांकडे गेली. ‘दिवास्वप्न’ने दिलेले अर्धे उत्तर हे आहे आणि ते मला आजही पक्के वाटते.

जे पुस्तकात नाही

पण रोज पाच-सहा तास गोष्ट सांगता येत नाही. गोष्ट संपते, वह्या काढायच्या असतात, प्रयोगाचे साहित्य वाटायचे असते, कोणाला पाणी प्यायला जायचे असते. वर्ग बिघडतो तो बहुधा अशा सांध्यांवर. पुस्तकात मात्र हे सांधे फारसे दिसत नाहीत. गोष्ट चालू आहे, मग खेळ चालू आहे, मग नाटक चालू आहे. एकातून दुसऱ्यात वर्ग नेला कसा, हे लेखक बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकतो. कथाकाराला ते चालते. शिक्षकाला तेच हवे असते.

ही उणीव भरून काढणारे काम अमेरिकेत जेकब कूनिन या मानसशास्त्रज्ञाने केले. त्याचीही सुरुवात एका दटावणीने झाली. त्याच्या व्याख्यानाच्या वेळी एक विद्यार्थी वर्तमानपत्र वाचत होता. कूनिनने त्याला बोल लावला आणि पाहिले, की ज्यांचा काही संबंध नव्हता ते विद्यार्थीही सावरून बसले, वातावरण बदलले. दटावण्याची कोणती रीत सर्वांत परिणामकारक, हे शोधायला तो निघाला. कठोर की सौम्य, थोडक्यात की सविस्तर, अशी तुलना त्याने वर्षानुवर्षे केली. निष्कर्ष त्याला स्वतःला अनपेक्षित होता : वर्गाचे वागणे आणि शिक्षकाच्या दटावण्याची रीत यांत सांगण्यासारखा संबंधच सापडेना. वर्ग नीट चालणारे शिक्षक दटावण्यात वेगळे नव्हते. ते दटावण्याची वेळ येण्यापूर्वी काहीतरी वेगळे करत होते. वर्गांचे चित्रीकरण तपासून त्याने ते काय ते शोधले आणि १९७० च्या पुस्तकात मांडले.

त्यातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, शिक्षकाच्या पाठीलाही डोळे आहेत असे मुलांना वाटणे. यात पहारा नाही. खोडीचे मूळ कुठे आहे हे ओळखणे आणि ती पसरण्यापूर्वी तिथे पोचणे, एवढेच. फळ्याकडे तोंड करून दहा मिनिटे लिहिणारा आणि मग गर्रकन वळून भलत्यालाच उभे करणारा शिक्षक इथेच हरतो. दुसरी, दोन गोष्टींवर एकाच वेळी लक्ष ठेवणे. एका गटाला समजावत असताना दुसऱ्या गटातल्या मुलाची वही हाताने सरळ करून पुढे जाणे, बोलणे न तोडता. तिसरी, कामाची सलग गती. ‘चला, पुस्तके मिटा... अरे हो, तो चौथा प्रश्न राहिला, पुन्हा उघडा’ असे म्हटले की वर्ग सुटतो. एका मुलाच्या मळक्या वहीवर पाच मिनिटे भाषण दिले की उरलेल्या चोपन्न जणांना आपण रिकामे केलेले असते. रिकामी मुले काहीतरी करणारच.

यात मेरी बड रोव्ह यांचे निरीक्षण जोडायला हवे, कारण ते विज्ञानाच्या तासांवरच केलेले आहे. १९७० च्या दशकात त्यांनी प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत आणि मग दुसऱ्याला विचारत, प्रश्न बदलत किंवा स्वतःच उत्तर देत. हे थांबणे तीन सेकंद किंवा त्याहून जास्त केल्यावर मुलांची उत्तरे लांबली, न बोलणारी मुले बोलू लागली, मुले स्वतः प्रश्न विचारू लागली आणि शिक्षकाला शिस्तीसाठी मध्येच बोलण्याचे प्रसंगही कमी झाले. ही सगळी करामत दोन सेकंदांच्या शांततेची, आणि ती शांतता मुलांची नव्हे, शिक्षकाची.

लक्ष्मीरामच्या खेळात हेच उलटे झाले होते. मुलांना गप्प करायचे होते, आणि गप्प राहायला शिकायला हवे होते ते आधी शिक्षकाने.

आणखी काही आक्षेप

पुस्तकाबद्दल तीन आक्षेप नोंदवायला हवेत. गिजुभाई ‘प्रयोग’ हा शब्द वापरतात, पण आपण विज्ञानाच्या मासिकात तो ज्या अर्थाने वापरतो त्या अर्थाने हा प्रयोग नाही. तुलनेसाठी दुसरा वर्ग नाही, मोजमाप नाही, आणि निकाल लेखकाच्याच हातात आहे. म्हणून ‘दिवास्वप्न’ हा पुरावा म्हणून पुढे करू नये. ते एक उत्तम गृहीतक आहे. शांतता मागून मिळत नाही, कामातून उपजते, हे ते गृहीतक. कूनिन आणि रोव्ह यांच्या निरीक्षणांनी त्याला बळ मिळते, आणि ते प्रत्येकाला आपल्या वर्गात तपासून पाहता येते.

दुसरा आक्षेप परिस्थितीचा. लक्ष्मीरामच्या पाठीशी अधिकारी आहे आणि दिवसभर एकच वर्ग त्याच्या हाती आहे. पस्तीस मिनिटांच्या तासाला एका वर्गातून दुसऱ्या वर्गात धावणाऱ्या माध्यमिक शिक्षकाला हे दोन्ही नसते. त्याला गोष्टीचे बीज रुजवायलाच वेळ नाही. त्याला सांध्यांची कलाच आधी शिकावी लागते. दारात उभे राहून वर्गात घेणे, पहिल्या मिनिटाचे काम फळ्यावर आधीच लिहिलेले असणे, आधी प्रश्न विचारून, थांबून, मग नाव घेणे. या गोष्टी छोट्या आहेत, पण फुकट आहेत.

तिसरा आक्षेप मला जास्त खटकतो. पुस्तकातले इतर शिक्षक जवळजवळ चुकण्यासाठीच आलेले आहेत. ते शंका घेतात, हसतात आणि शेवटी खोटे पडतात. त्यांच्या बाजूने पुस्तक फारसे बोलत नाही. पण ओरडणारा शिक्षक बहुतेक वेळा दुष्ट नसतो. तो थकलेला असतो, आणि त्याला भीती असते. शेजारच्या वर्गातल्या सहकाऱ्याची, व्हरांड्यातून जाणाऱ्या मुख्याध्यापकांची. आपल्याकडे अजून वर्गाची परीक्षा व्हरांड्यातून कानाने होते. आवाज नाही म्हणजे बाई कडक, आवाज आला म्हणजे वर्ग हाताबाहेर. आत चुंबकाभोवती चाललेली चर्चा आणि बाकावर चाललेली मारामारी बाहेरून सारखीच ऐकू येते. लक्ष्मीरामला त्याचे मुख्याध्यापक याच कानाने तोलतात, हे गिजुभाईंनी अचूक टिपले आहे. फक्त या कानाखाली बाकीचे शिक्षकही राहतात, एवढे त्यांनी म्हणायला हवे होते.

आणि किंमत दोघेही मोजतात. २००४ मध्ये अमेरिकेतील आयोवा आणि युटा या राज्यांतल्या शिक्षकांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा विकार झालेल्यांचे प्रमाण शिक्षकांत सुमारे ५८ टक्के, तर इतरांत सुमारे २९ टक्के होते. बोलताना स्त्रियांच्या स्वरतंतूंची कंपने सेकंदाला दोनशेच्या आसपास होतात. ओरडताना कंपनांची संख्या वाढते आणि दोन तंतू एकमेकांवर अधिक जोराने आदळतात. चार-पाच तास हे चालले की घसा बसण्यात नवल नाही. मुलांची किंमत मोजायला असे यंत्र नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. छडी गेली. पण छडी ठेवून दिल्यावर तिचे काम आवाजाने करायचे असेल, तर मुलाच्या दृष्टीने फार काही बदलले नाही.

कसे वाचावे

‘दिवास्वप्न’ जरूर वाचावे. ज्यांनी वाचले आहे त्यांनी पुन्हा वाचावे. फक्त त्यातली गोष्ट आमिष म्हणून उचलू नये. ‘गप्प बसलात तरच गोष्ट सांगेन’ ही धमकीच आहे, फक्त गोड आवाजातली. मुलांना दुसऱ्याच आठवड्यात ते कळते. गोष्ट म्हणजे ऐकण्याजोगे काहीतरी. विज्ञानाच्या तासाला ती जागा एक चांगला प्रश्नही घेऊ शकतो. चुंबकाचे दोन तुकडे केले तर प्रत्येक तुकड्याला एकच ध्रुव राहील का?

त्या सातवीच्या वर्गात पुढच्या आठवड्यात मी हाच प्रश्न साहित्य वाटण्याआधी विचारला आणि मनात पाच आकडे मोजले. तिसऱ्या आकड्यापर्यंत मला घाम फुटला होता. वर्ग गप्प आहे म्हणजे कोणाला काही येत नाही, असेच वाटत होते. पाचव्या आकड्याला मागच्या बाकावरून हात वर आला. त्याचे उत्तर चुकले. पण प्रश्न त्याला नीट ऐकू आला होता.